घराचे माप आणि कुटुंबाची व्याख्या

गेल्या वर्षी आम्हांला घर शोधावे लागले. ‘आम्हांला’ म्हणजे माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, मी व माझी पत्नी, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात अशा सहा माणसांना. मुलगा लग्नानंतर ठाण्याला भाड्याच्या घरात राहत होता आणि आम्ही तिघे मुलुंडच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत. आई न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत सर्वांच्याच लक्षात आले की, दोन ठिकाणी राहून हे निभणार नाही. मुलाची नोकरी, सुनेची नोकरी, नातीची शाळा, आईची शुश्रूषा, आणि स्वतःही म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आम्ही दोघे, असा हा हिशेब होता. तेव्हा सर्वांनी एकत्र राहावे असे ठरले आणि मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंत आमची पायपीट सुरू झाली.

एका बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात एका तरुण गृहस्थांनी आम्हांला मोठ्या उत्साहाने नकाशा दाखविला. ही ‘मास्टर बेडरूम’, ही ‘किड्स रूम’, हा हॉल, हे स्वयंपाकघर. मी विचारले, “माझी आई कोठे झोपेल?” तो क्षणभर थांबला आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, “आजी हॉलमध्ये झोपतील ना, सर.”

त्याचा मला राग आला नाही. त्याने नकाशा काढलेला नव्हता. परंतु त्या एका वाक्याने मला विचार करायला लावले. ज्या नकाशात मुलांसाठी खोली आहे, मोटारीसाठी जागा आहे, व्यायामासाठी दालन आहे, त्या नकाशात म्हातारे माणूस कोठेच नाही. अर्थात, माझ्यासारख्या निवृत्तिवेतन मिळणाऱ्या प्राध्यापकाची अडचण ही काही सार्वजनिक चिंतेची बाब नव्हे. आम्ही चार पैसे जास्त मोजून वाट काढू शकतो. पण ज्यांना तसे करता येत नाही, त्यांच्या घरांचे नकाशे कोण काढतो आणि कोणते कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून काढतो, हा प्रश्न मात्र निश्चितच सार्वजनिक आहे. किंबहुना तो राजकीय आहे. आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याच्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक पिढ्यांनी एका छपराखाली राहण्याचा विषय निघाला की, पुष्कळ जणांना तो एकत्र कुटुंबपद्धतीच्या गुणगानाचा विषय वाटतो. माझे बालपण गिरगावातील चाळीत, दीड खोलीत नऊ माणसांत गेले. त्यामुळे त्या गुणगानाची मला फारशी हौस नाही. चाळीत तीन पिढ्या नांदल्या हे खरे. पण त्या खोलीत नांदल्या नाहीत, चाळीत नांदल्या. रात्री पुरुष आपापल्या वळकट्या घेऊन गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, क्वचित गच्चीवर झोपत. गिरणगावात तर एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंग टाकीत असे. आजारी म्हातारा शेजाऱ्याच्या खोलीत दुपार काढी, आणि परीक्षेचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली होई. म्हणजे खोलीचे क्षेत्रफळ कागदावर जेवढे होते तेवढेच घर नव्हते. गॅलरी, जिना, अंगण आणि शेजार हा घराचाच न मोजलेला भाग होता.

या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. ती मुख्यतः बायकांनी मोजली. पुरुषांना गॅलरी होती. बायकांना मोरीचा पडदा. नव्या सुनेला कपडे बदलण्यासाठी घरातील सर्व माणसे बाहेर जाण्याची वाट पाहावी लागे. नवविवाहित जोडप्याला कोणी मुद्दाम सिनेमाला जावे तेव्हा घर मिळे. क्षयासारखे रोग एकाच हवेत पिढ्यान्‌पिढ्या फिरत. माझ्या आईने अशा घरात तीस वर्षे काढली. तिला जर कोणी त्या दिवसांच्या प्रेमळपणाबद्दल सांगू लागले, तर ती एवढेच विचारते, “तुम्ही मोरीत नेसलात का कधी?”

मग प्रश्न असा की, इतके कष्ट असूनही माणसे एकत्र का राहत होती, आणि आजही का राहतात? आपल्या समाजशास्त्रज्ञांनी याचे उत्तर फार पूर्वी शोधलेले आहे. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावाचा केलेला अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब विभक्त झाले असे समजू नये, हे त्यांनी दाखवून दिले. वेगळ्या छपराखाली राहणारे भाऊ पैशाने, कर्तव्याने आणि अडीअडचणीने एकमेकांशी बांधलेले असतात. ए. एम. शाह यांनीही ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन कल्पनांची गल्लत करू नये असा आग्रह धरला. औद्योगिकीकरण झाले की एकत्र कुटुंब आपोआप विरघळते, हा पाठ्यपुस्तकी सिद्धान्त आपल्याकडे तरी सरळसोट लागू पडत नाही.

यामागे अर्थशास्त्र आहे. ज्या समाजात वार्धक्याची, आजारपणाची आणि बेकारीची जबाबदारी राज्यसंस्था घेत नाही, तेथे कुटुंब हीच विमा कंपनी असते. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून तेवढाच राहिला आहे. राज्य सरकार त्यात भर घालते हे खरे. पण ती भर धरूनही त्या रकमेत मुंबईत एकटे राहणे शक्य आहे काय? २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. यांतील फारच थोड्यांना नोकरीचे निवृत्तिवेतन आहे. उरलेल्यांना मुलांचा आधार आहे, किंवा काहीच नाही. उलट बाजूने पाहिले तर, ज्या घरात सून आणि मुलगा दोघेही कामाला जातात, त्या घरातील लहान मूल आजी सांभाळते म्हणून ती दोन्ही वेतने घरात येतात. म्हणजे श्रमिकांच्या घरात तीन पिढ्यांचे एकत्र राहणे ही संस्कृतीची हौस नसून जगण्याची तजवीज आहे.

ही गोष्ट आपल्या कायदेमंडळाला माहीत नाही असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संसदेने २००७ साली संमत केला. त्याप्रमाणे मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करणे हे कायदेशीर कर्तव्य ठरले. न्यायाधिकरण दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवू शकते. ज्येष्ठ माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याचा हेतू चांगलाच आहे. परंतु याच राज्यसंस्थेने आठ वर्षांनी, म्हणजे २०१५ साली, शहरांसाठी पंतप्रधान आवास योजना आणली, तेव्हा लाभार्थी कुटुंबाची व्याख्या काय केली? पती, पत्नी, अविवाहित मुलगे आणि अविवाहित मुली. आईवडील या व्याख्येत नाहीत. २०२४ साली योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यातही व्याख्या तीच राहिली.

यातील विसंगती नीट ध्यानात घेतली पाहिजे. एक कायदा मुलाला सांगतो, आईला सांभाळले नाहीस तर तुरुंगात जाशील. दुसरी योजना त्याच मुलाला सांगते, घराचा हिशेब करताना तुझी आई आम्ही धरणार नाही. २०१५ च्या योजनेत अल्प उत्पन्न असणाऱ्या सर्वांत खालच्या गटासाठी घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट, ठरविण्यात आले. या मापात एक जोडपे आणि त्यांची मुले कशीबशी मावतात. मापाच्या मुळाशी व्याख्या आहे. व्याख्येतून ज्याला वगळले, त्याला भिंतींच्या आत जागा मिळणे शक्य नव्हते. ‘आजी हॉलमध्ये झोपतील’ हे उत्तर त्या विक्रेत्याचे नव्हते. ते सरकारी धोरणाचे होते.

हा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना सरकारनेच नेमलेल्या एका गटाच्या अहवालावरून येते. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नागरी घरटंचाईचा अंदाज करण्यात आला. टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची निघाली. सर्वसामान्य समजूत अशी की, घरटंचाई म्हणजे पदपथावर झोपणारी माणसे. ती आहेतच, आणि त्यांचा हक्क पहिला आहे. परंतु या आकड्यातील जवळजवळ १ कोटी ५० लाख, म्हणजे शेकडा ऐंशी, कुटुंबे बेघर नव्हती. ती दाटीच्या घरांत राहत होती. दाटी म्हणजे काय, तर घरातील प्रत्येक विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे. आपल्या शहरांतील घरटंचाई ही प्रामुख्याने एका घरात दोन-तीन पिढ्या कोंबल्या गेल्याची टंचाई आहे, असा याचा सरळ अर्थ होतो. आणि या टंचाईपैकी शेकडा पंचाण्णवहून अधिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होती. रोगाचे निदान इतके स्पष्ट झालेले असताना औषधाच्या चिठ्ठीवर मात्र रोग्याचेच नाव नाही, अशी ही स्थिती आहे.

याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवावा. २०११ च्या जनगणनेत शहरी भागांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे जोडप्याला खोली नाही आणि दुसरीकडे खोल्यांना माणूस नाही. बाजारपेठेत घर हे राहण्याच्या गरजेप्रमाणे बांधले जात नाही, ते विकत घेण्याच्या ऐपतीप्रमाणे आणि गुंतवणुकीच्या सोयीप्रमाणे बांधले जाते. बांधकाम व्यावसायिकाचा हिशेब त्याच्या परीने चोख असतो. ज्या आकाराचे घर पटकन विकले जाते आणि पुढे भाड्याने देता येते, तेच तो बांधतो. मोठ्या कुटुंबाला मोठे घर हवे असते. पण मोठे कुटुंब बहुधा गरीब असते आणि मोठे घर श्रीमंताला विकायचे असते. त्यामुळे शंभर माणसांच्या इमारतीत मोठ्या घरांत दोघे दोघे राहतात आणि लहान घरांत सात सात. फ्रीडरिक एंगल्स यांनी १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना जे दाखवून दिले, त्याची पुनरुक्ती करण्याची गरज नाही. बाजार हा प्रश्न सोडवीत नाही. तो त्याला एका वस्तीतून उचलून दुसऱ्या वस्तीत नेऊन ठेवतो.

मुंबईत ही गोष्ट आज पुनर्विकासाच्या नावाने चालली आहे. बी.डी.डी. चाळींचे उदाहरण घेऊ. त्यांचे नाव ज्या विकास विभागावरून पडले तो विभाग १९२० साली स्थापन झाला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात प्रत्येक खोलीमागे ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. मी हे अवमूल्यन करण्यासाठी सांगत नाही. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे, घरात स्वतःचा संडास असणे, ही ज्यांनी शंभर वर्षे रांग लावली त्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे आणि ती लढून मिळालेली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात हेच माप १९९५ च्या योजनेत २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ झाले आणि आता ३०० आहे. म्हणजे चळवळीच्या रेट्याने माप वाढू शकते.

परंतु या सर्व योजनांत मोजली जाते ती खोली, माणसे नव्हेत. एका खोलीला एक घर. खोलीत एक म्हातारी राहत असो, किंवा दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार मुले आणि आईवडील राहत असोत, हिशेब एकच. पूर्वी भाडेपावती वडिलांच्या नावाने असे. वडील गेले की एका भावाचे नाव लागे आणि दुसरा तेथेच राहत असे. पावतीवरचे नाव ही तेव्हा औपचारिक बाब होती. आज त्याच नावाला कोटीची किंमत आली आहे. मग ज्या भावांनी एका ताटात जेवण केले ते न्यायालयात उभे राहतात. एकाला घर मिळते, दुसरा विरारला किंवा बदलापूरला जातो, आणि आई दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे अशी फिरत राहते. मी ज्यांना लहानपणापासून ओळखतो अशा तीन घरांत हे झालेले मी पाहिले आहे. लोक म्हणतात, हल्लीच्या मुलांना माया राहिली नाही. मायेचा प्रश्न मला समजत नाही. पण एका खोलीला एक घर या नियमाने दोन भावांपैकी एकाला बाहेर काढले, हे मला समजते.

गिरणी कामगारांचे दुःख याहून निराळे नाही. १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या वारसांसाठी मुंबईबाहेर शेलू-वांगणीच्या बाजूला घरे देण्याचा बेत पुढे आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांना हट्टी ठरविणाऱ्यांनी एवढे पाहावे की, घर म्हणजे चार भिंती नव्हेत. म्हाताऱ्याचे रुग्णालय परळला, मुलाची नोकरी महालक्ष्मीला आणि बहीण लालबागला असेल, तर शेलूच्या घराने छप्पर मिळते, पण कुटुंब तुटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच स्त्री-कार्यकर्त्यांकडून यावा अशी माझी अपेक्षा आहे. तीन पिढ्यांनी एकत्र राहण्याची सोय करणे म्हणजे सुनेच्या गळ्यात पुन्हा तीच धोंड बांधणे नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे, असे आढळले. घर मोठे केल्याने हे प्रमाण आपोआप बदलणार नाही. माझ्या आईच्या शुश्रूषेचा पहिला भार माझ्या पत्नीवरच पडला, हे मला येथे कबूल केले पाहिजे. मी अर्थशास्त्र शिकविताना बिनमोलाच्या श्रमावर तास घेतले आहेत. आईचे अंथरूण बदलायला मात्र सहासष्टाव्या वर्षी शिकलो.

तेव्हा आपली मागणी ‘एकत्र कुटुंब’ अशी असू शकत नाही. आपली मागणी निवडीची असली पाहिजे. ज्यांना एकत्र राहायचे आहे त्यांना दाटीशिवाय राहता यावे. ज्यांना वेगळे राहायचे आहे त्यांना हाकेच्या अंतरावर राहता यावे. आणि ज्यांना कोणाच्याच आधाराने राहायचे नाही त्यांना निवृत्तिवेतनाच्या आणि सार्वजनिक सेवेच्या बळावर सन्मानाने राहता यावे. आज गरिबाला यांपैकी एकही निवड नाही. दाटी किंवा ताटातूट, एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे आहेत. ‘हाकेच्या अंतरावर’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. दोन चुली, दोन दारे, पण रात्री हाक मारली तर ऐकू जाईल, ही व्यवस्था खेड्यात भावाभावांच्या घरांनी पूर्वापार साधली होती. शहराला ती साधता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

इतर देशांनी या दिशेने काही केले आहे. सिंगापूरमध्ये १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि आज तेथील बहुसंख्य लोक सरकारी घरांत राहतात. त्या मंडळाने २०१३ मध्ये तीन पिढ्यांसाठी खास घरे काढली. २०१५ पासून आईवडिलांबरोबर किंवा त्यांच्या जवळ घर घेणाऱ्याला अनुदानही मिळते. म्हणजे कुटुंब हा धोरणाचा विषय होऊ शकतो. मात्र सिंगापूरचे सर्वच घेण्यासारखे नाही. तेथील राज्यकर्त्यांना वृद्धांचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडू नये, तो कुटुंबावर राहावा, असेही वाटते. आपण सोय घ्यावी, हेतू घेऊ नये.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण व्हिएन्नाचे आहे. तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणी कर बसविला. आलिशान घरांवर तो चढत्या प्रमाणात होता. त्या व अन्य करांच्या उत्पन्नातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. १९३० मध्ये पुरी झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरे होती. घरे लहानच होती. परंतु बांधकामाने जमिनीचा पंचमांशही व्यापला नव्हता, आणि आवारात सामुदायिक धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय व दवाखाना होता. ज्या कामांनी स्त्रीचे आयुष्य खाऊन टाकले जाते, ती कामे त्यांनी घराबाहेर काढून सार्वजनिक केली. आपल्या चाळीची गॅलरी ही गरजेतून आणि नाइलाजाने सामुदायिक झाली होती. व्हिएन्नाचे आवार विचारपूर्वक सामुदायिक झाले होते. फरक आहे तो हाच.

आपल्याकडेही अशा प्रयत्नांची परंपरा नाही असे नाही. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची जमीन सामान्यांना मिळावी यासाठी मृणाल गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे वर्षानुवर्षे झगडून गोरेगावला दिंडोशी येथे हजारो घरे उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला, आणि त्याबरोबर एक हत्यार आपल्या हातून गेले. पण त्या झगड्याने एक गोष्ट शिकविली आहे. घराची मागणी नुसती घोषणेने पुढे जात नाही. जमिनीचा सर्व्हे नंबर, कायद्याचे कलम आणि सभासदांची यादी हातात घेऊन ती पुढे न्यावी लागते.

त्याच रीतीने पुढील मागण्या मांडता येतील, असे मला वाटते. पहिली, गृहनिर्माणाच्या सर्व सरकारी योजनांत कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेल्या आईवडिलांचा समावेश करावा आणि त्याप्रमाणे चटईक्षेत्र वाढवून द्यावे. दुसरी, पुनर्विकासात खोलीबरोबर जोडपीही मोजावीत. एका खोलीत दोन विवाहित जोडपी दीर्घकाळ राहत असल्याचे शाबीत झाल्यास दुसऱ्या जोडप्याला त्याच आवारात, केवळ बांधकामखर्चाच्या दराने, लहान घर घेण्याचा पहिला हक्क असावा. वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकातून जी विक्रीची घरे निर्माण होतात, त्यांतून एवढे देणे अशक्य नाही. तिसरी, म्हाडाच्या सोडतीत आईवडील आणि मुले यांना जोडअर्ज करता यावा, म्हणजे लागली तर दोन्ही घरे एकाच वसाहतीत लागतील. चौथी, शेजारची दोन लहान घरे घेऊन मधले दार काढणाऱ्या कुटुंबाकडून मुद्रांकशुल्क एकाच घराच्या सवलतीने घ्यावे. पाचवी, घर पती-पत्नींच्या संयुक्त नावाने असावेच, शिवाय वृद्ध आईचा हयातभर राहण्याचा हक्क वाटपपत्रावरच नोंदवावा. सहावी, प्रत्येक पुनर्वसित इमारतीत रुंद दारे, न्हाणीत धरण्यासाठी कठडे, उतरंडीची वाट, बसण्याजोगी मोकळी गॅलरी, आणि वॉर्डागणिक पाळणाघर व वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र असावे. शेवटची मागणी किरकोळ समजू नये. सुनेची धोंड हलकी होईल ती या केंद्रांनीच.

यासाठी पैसा कोठून येणार, असा प्रश्न नेहमीप्रमाणे विचारला जाईल. व्हिएन्नाचे उत्तर आपल्यापुढे आहे. जी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवून किंमत वाढण्याची वाट पाहिली जाते, त्यांच्यावर चढता कर बसवावा. त्यातून एक तर पैसा येईल, नाहीतर घरे बाजारात येतील. दोन्ही गोष्टी आपल्याला हव्याच आहेत.

मात्र मागण्यांची यादी छापल्याने काम संपत नाही. माझी कार्यकर्त्यांना एक साधी विनंती आहे. आपल्या वॉर्डातील एक चाळ, एक झोपडवस्ती किंवा एक पुनर्वसित इमारत निवडा आणि प्रत्येक घरात चारच प्रश्न विचारा. घरात किती माणसे आहेत? जोडपी किती? घर कोणाच्या नावावर आहे? आणि रात्री कोण कोठे झोपते? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या बाईकडून घ्या, पुरुषाकडून नको. शंभर घरांची अशी नोंद हातात घेऊन आपण म्हाडाच्या किंवा महापालिकेच्या दारात गेलो, तर आपले बोलणे ऐकावेच लागेल. ही नोंद कोणताही सरकारी अर्ज आज मागत नाही.

आमच्यापुरते सांगायचे तर, अखेर डोंबिवलीला एकाच मजल्यावर समोरासमोरची दोन लहान घरे मिळाली. दोन करारनामे, दोनदा मुद्रांकशुल्क, दोन देखभालखर्च. माझ्या भविष्यनिर्वाह निधीची बहुतेक रक्कम त्यात गेली. आईची खाट आमच्या घरात खिडकीशी आहे. दुपारी दोन्ही दारे उघडी असतात आणि नात इकडून तिकडे धावत असते. आई परवा म्हणाली, “चाळीसारखं झालं, पण मोरी आपली आहे.” एवढेच सुख आहे, आणि ते मला विकत घेता आले. ज्या गिरणी कामगाराने हे शहर उभे केले, त्याच्या म्हातारीला ते विकत घ्यावे लागू नये, तिला ते हक्काने मिळावे, यापेक्षा अधिक काही मी मागत नाही. आणि यापेक्षा कमी काही आपल्या पक्षाने मागू नये.